आबांचा उपास आणि घसरणारी रेघ

...आणि वर आबा मलाच म्हणतात, तुझ्या गणितानं घोळ घातला. तुम्ही सांगा, गणिताचं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, आमचे आबा, म्हणजे वडील, रिटायर सुभेदार आकाराम. यकृताची जुनी कावीळ, सी प्रकारची, विषाणू पंधरा वर्षं मुक्काम ठोकून. आबांना उठवेना, म्हणून एमएस्सी अर्धी टाकून मी इस्लामपूरजवळ उसाला पाणी पाजतोय, आणि माझ्याच बाकावरची प्रियदर्शनी पुण्यात तेच गणित फळ्यावर मांडतेय... गोळी सुरू केली की रक्तातले विषाणू कसे उतरतात, कोण आठ आठवड्यांत मोकळा होईल, कुणाला बारा लागतील. इथं पाटावर उभं असताना मला खडूचा वास येतो, आता बोला.

ती म्हणाली, "ऋषी, काकांचे आकडे पाठव. आठ आठवड्यांत सुटले तर जूनच्या फेरप्रवेशाला तू परत." तू परत. एवढंच. ते मी दिवसातून चाळीसदा ऐकतो, फोन न धरता.

पहिल्या आठवड्यात आलेखावरची विषाणूंची रेघ घसरगुंडीसारखी खाली, मग अडखळली. सांगलीचे डॉक्टर कोड्यात. "गोळी रोज घेतात ना?" म्हटलं, फौजी माणूस, घड्याळ चुकेल, आबा नाही. मग गणिताचं काय चुकलं?

गेल्या रविवारी, सहावा आठवडा, गोळ्यांची पट्टी बघितली. रविवारच्या, संकष्टीच्या, एकादशीच्या, सगळ्या जागेवर.

"आवं आबा, हे काय?"

"उपास हाय न्हवं. जोतिबाचा वार."

"गोळीनं उपास मोडतो?"

"पोटात काय बी गेलं की मोडतो."

"साबुदाणा गेला की सकाळी. दोन ताटल्या."

"त्यो चालतो."

काय म्हणावं ह्या पिढीला? सीमेवर गोळी चालते, घरात चालत नाही.

खोटे आकडे पाठवले असते तर कागदावर आबा मोकळे, मी पुण्यात. पण विषाणू कागद वाचतो का? गोळी चुकल्याचे खरे दिवस तिला आणि डॉक्टरांना कळवले. रेघ तंतोतंत बसली, जिथं उपास तिथं टेकाड. डॉक्टर म्हणाले, पुरे बारा आठवडे. जून गेला. प्रियदर्शनी जरा थांबून म्हणाली, "मग पुढच्या वर्षी बघ..." तेवढं थांबली, ते पुरतंय मला.

आबांना सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "माज्यापायी तुजं शिक्षान बुडालं व्हय. बरं, रविवारी बी घेतो गोळी. पर देवाचा वार मोडायचा न्हाई. माज्याबदली उपास तू धर."

आता रविवारी आबा गोळी घेऊन पोटभर जेवतात, आणि मी उपाशीपोटी पाटावर उभा राहून मोजतो... अजून सहा रविवार.