डाग दिलेलं काळीज

माझा गाव वांगणीच्या आत, डोंगराच्या पोटाला आमची वाडी, भात लावायचा, लाकूडफाटा आणायचा, संपलं. तो पेढ्यांचा पुडा ठेवा ताई तिथं फळीवर, मंग बघू, आधी बसा. तर मी पोरगाच होतो तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत लागलो, पत्र्याच्या प्रेसवर, धाडधाड धाडधाड दिवसभर, माझे कान तिथंच गेले, म्हणून तुम्ही जरा मोठ्यानं बोला. बायको दोनदा हाक मारायची आन तिसऱ्यांदा शिवी द्यायची, बहिरोबा म्हणायची मला.

यमुना तिचं नाव. बाजूच्याच वाडीतली. ल्हान होती तेव्हा तिला ताप आला, गुडघे सुजले, कोपरं सुजली, पोर उठंना. आमच्यात तेव्हा डॉक्टर कुठला, तिच्या आईनं विळा तापवला आन छातीवर डाग दिला, चौघांनी हातपाय धरले होते, ती किंकाळी सगळ्या वाडीनं ऐकली. आन डाग दिला की त्यावर दुसरं औषध घालायचं नाय, घातलं तर डाग उतरतो, रोग परत येतो, असं आमच्याकडं पक्कं. ताप गेला. तो आपला आपणच गेला असंल, पण नाव झालं डागाचं.

लगीन करून अंबरनाथला आणली, वेस्टला खोली घेतली. ती उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीनच्या पँटींचे धागे कापायची. हाताला अशी चपळ, की शेठाणी बाकीच्या बायांना हिचं नाव घेऊन ओरडायची. आन मंग दम लागायला लागला. जिना चढली की बसायची, बोलायची, आवो आत कोंबडी फडफडतेय. मी हसायचो. शेठाणीनंच मला बोलावून झापलं, अरे भाऊ, इसको बडे डाक्टर को दिखा, जान से जाएगी, तेरे को दिखता नहीं क्या.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेली. नव्वद साल उलटून गेलेलं तेव्हा. डॉक्टर बोलले, ल्हानपणच्या त्या तापानं काळजाची झडप खराब केलीय, ती बदलायची, लोखंडाची बसवायची. आन ठोकाही वाकडा पडतोय, वरचा कप्पा नीट आवळत नाय, नुसता थरथरतो, त्यानं आत रक्ताच्या गुठळ्या होतात. तर काळीज उघडलंच आहे म्हणून त्याच वेळेला आतनं रेघा भाजायच्या, म्हंजे ठोका सरळ होईल, नवीन इलाज आहे. भाजायच्या ऐकलं आन ही पलंगावरनं खाली. नाय बोलली, मला परत डाग नको, मी मरंन. डॉक्टर भला माणूस, स्टूल घेऊन बसला. हिनं विचारलं, मला धरून कोण ठेवणार? ते बोलले, बाई, कोणीच नाय, तुम्ही झोपलेल्या असाल. तेव्हा कुठं हो म्हणाली.

आन काय सांगू ताई तुम्हाला, सोनं झालं. ठोका सरळ आला. आन त्या लोखंडी झडपेचा आवाज, टिक टिक, टिक टिक. मी बहिरा, पण तिच्या पाठीला कान लावला की मला यायचा. तिला लाज वाटायची, बाया बोलायच्या, यमुनाच्या पोटात घड्याळ. मी म्हणायचो, वाजू दे गं, मला त्यानं झोप लागते. डॉक्टरनं निक्षून सांगितलं होतं, ठोका सरळ झाला तरी रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, झडप लोखंडाची आहे. घ्यायची ती. रोज घ्यायची.

मंग भात लावायला माहेरी गेली. म्हातारीनं गोळी बघितली आन कपाळावर हात मारला. तुला आतनं डाग दिला ना, गुण आला ना, मंग त्यावर औषध घालतेस, डाग उतरवतेस काय? हिला पटलं. लेक कोणाची, आईचंच ऐकणार. लावणी झाल्यावर परत आली तर तोंड कसं फुललेलं. मला बोलली, लावा कान. मी लावला. आवाज नाय. दुसऱ्या बाजूनं लावला, नाय. बोलली, बघा, घड्याळ बंद झालं, आता मी अख्खी बरी झाले. आन मी खुळा ताई, एवढा खूश झालो, स्टेशनाजवळनं पेढे आणले, चाळीत वाटले, पहिला तिच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी दम लागला. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं, तेव्हा बोलली की गोळी सोडली होती, आई बोलली म्हणून, तुम्ही तिला ओरडू नका. इस्पितळाच्या दारातच तिचा जीव गेला. डॉक्टर बोलले, गोळी सुटली, झडपेवर रक्त साकळलं, म्हणून आवाज बुजला, आवाज बुजला की धावत यायचं असतं. गोळीचं ध्यानात होतं, आवाजाचं आम्हाला सांगितलं होतं का नाय, मला आठवत नाय. खूप आठवून बघितलं.

म्हातारीला मी काय बोललो नाय. तिचीही लेकच होती ना. मयताला आली तेव्हा त्याच छातीवरच्या डागावर हात फिरवत बसली होती, उठायलाच तयार नव्हती.

आता मी एकटा. प्रेस सुटली, कान तर पार गेले, आता कोणी शिवी दिली तरी ऐकू येत नाय. तुमचा पोरगा पास झाला, देव त्याला लय मोठा करो, तुमच्या घरात सगळ्यांची काळजं धड राहोत. पण राग मानू नका ताई, तो पुडा जाताना घेऊन जा. माझ्यानं नाय खाववत.