काय लोखंड होतं!

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, जुन्या गाड्यांच्या या मंडळाचे सर्व सभासद, आणि गाडी नावाच्या सवतीबरोबर इतकी वर्षं नेटाने संसार करणाऱ्या समस्त वहिनी,

आज मंडळाचे मुख्य परीक्षक निवृत्त होत आहेत. ते माझे थोरले बंधू. तुम्ही त्यांना पाठीमागे ‘जैसे थे’ म्हणता, हे त्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. गाडी कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे, हा त्यांचा दंडक. एका सभासदाने आरशाला नवा स्क्रू लावला, तर त्याचे गुण कापले. कोण तो सभासद? त्यांचेच मेहुणे, म्हणजे माझे यजमान! समोरच बसलेत, राग अजून गेलेला नाही.

त्या गाड्यांची मोहिनी मलाही आहे. वडिलांच्या गाडीची पुढची सीट अखंड होती, सोफ्यासारखी. तिच्यावर वडील, आई आणि आईच्या मांडीवर मी. मागे दादा, खिडकीतून अर्धा बाहेर. उन्हाने तापलेल्या त्या सीटचा वास आला, की मी आजही सहा वर्षांची होते. पट्टा कसा असतो हे तेव्हा कुणाला माहीत होतं? ब्रेक लागला, की आईचा हात माझ्या छातीवर आडवा यायचा. तोच आमचा पट्टा.

एकदा पुढचा ट्रक अचानक थांबला. वडिलांनी ब्रेक दाबला, तरी गाडी आदळलीच. आईचा हात नेहमीसारखा आडवा आला आणि मी व समोरचा पत्रा यांच्यामध्ये सापडला. मला खरचटलंसुद्धा नाही. लोक जमले, गाडीवरून हात फिरवत म्हणाले, “काय लोखंड आहे! पोचाही आला नाही.” सभासदहो, हेच कौतुक या सभागृहात दर रविवारी चालतं. खरंच आहे ते. धक्का लोखंडाने सोसला नाही, म्हणून तो आईच्या मनगटाने सोसला. आताच्या गाड्यांना आपण पत्र्याचा डबा म्हणून नाकं मुरडतो. पण तो डबा चुरगळतो, आणि आतला माणूस बऱ्याचदा आपल्या पायांनी बाहेर येतो.

आईचं मनगट जुळलं, पण वाकडं. तिला माझ्या वेण्या घालता येईनात. मग कोणी घातल्या? या जैसे थे साहेबांनी! माझी शाळा संपेपर्यंत, रोज, दातओठ खात. एक वेणी वर, एक खाली. वर्गात मुली हसायच्या, पण मी त्या कधी सोडल्या नाहीत. भर सभेत तुम्हाला अहोजाहो करायचं ठरवून आले होते, दादा, पण ते काही जमत नाही. तू माझं फार केलंस रे.

आता मुद्द्याचं. आपल्या मंडळाची रीत अशी, की निरोपाच्या दिवशी परीक्षकाने घरच्यांना घेऊन स्वतःच्या गाडीतून फाटकाबाहेर पडायचं, आणि किल्ली घरच्या माणसाने द्यायची. गाडी तीच, वडिलांची. पुढच्या सीटवर दादाची नात बसणार आहे. तिच्यासाठी कोणाचा हात आडवा येणार? मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. पट्टा लावल्याशिवाय मी कुणा बड्या साहेबालाही किल्ली दिलेली नाही. म्हणून आज सकाळी, दादा आरशासमोर भाषण पाठ करत होता तेव्हा, मी त्या गाडीत पट्टे बसवून घेतले. खाली जाड पोलादी पट्टी लावून, पक्के. मेकॅनिक म्हणत होते, “ताई, साहेब मला उभा चिरतील.” त्यांना कुणी काही बोलायचं नाही. जे काही बोलायचं ते मला बोला.

दादा, मान हलवू नकोस. तुला कितीदा विचारलं! दर वेळी तुझं एकच, “गाडीचं रूप बिघडतं.” बिघडू दे. नवे परीक्षक इथे आहेतच. त्यांनी गुण कापायची सुरुवात आमच्यापासून करावी.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तरी मला थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर धाकटी बहीण समजून पोटात घाला. पट्ट्यांबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.

दादा, किल्ली माझ्या मुठीत आहे. आधी नातीचा पट्टा, मग तुझा. दोन्ही खटके ऐकू आले, की हात पुढे कर.