पायरीवरचा फोटो

मी मूळचा वाटूरकडचा. आम्ही चौघं भाऊ आणि जमीन एवढी, की चौघं एकदम आडवे झालो तर पाय शेजाऱ्याच्या रानात जातील, म्हणून मी जालन्याला एका फोटोवाल्याच्या दुकानात लागलो, आधी फरशी पुसली, मंग रोल धुतले, मंग कॅमेरा हातात आला, आणि एक्क्याऐंशी साली तालुक्याच्या गावात स्टँडसमोर स्वतःचं दुकान टाकलं. त्या गावाचं नाव लिहू नका. तिथंच राहून राह्यलो अजून, आणि मी जे सांगणार ते ऐकून काही लोकांना राग येईल. येऊ द्या, पण नाव नको.

आपला हिशेब पहिल्यापासून बराबर. छत्तीस फोटोंचा रोल असला तर जपून गुंडाळला की सदतिसावा निघतो, तो मी काढायचो, अडतिसाव्याचा लोभ कधी केला न्हाई. ओळखपत्राचे फोटो, शाळेचे फोटो, म्हाताऱ्यांचे फोटो, सगळे काढले, पण नाव झालं ते पायरीच्या फोटोनं. आता तुम्ही शहरातले, तुम्हाला काय सांगू, त्या वेळी आमच्याकडं नवरी एसटीनंच जायची. लग्न लागलं, जेवणं झाली, रडारड झाली, की सगळं वऱ्हाड स्टँडवर. तिथं मी नवरीला बसच्या पायरीवर उभं करायचो, एक पाय वर, एक हात दांडीला, मान मागं वळवलेली, खाली भाऊ तांब्या घेऊन, आणि वर बसच्या गावाची पाटी. पाटी दिसलीच पाहिजे. कारण तो फोटो राहायचा आईजवळ, आणि जिला अक्षर वाचता येत न्हाई ती आई पण त्या पाटीवर बोट ठेवून शेजारणीला सांगायची, ह्या गावाला दिली माझी पोरगी. पुढं पुढं तर लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी विचारायला यायचे, त्या दिवशी तुम्ही मोकळे हाय ना, पायरीचा फोटो तुमच्याच हातचा पाहिजे.

मंग ते सुरक्षेचं खूळ आलं. तिकडं मोठ्या शहरात कुठं काही झालं की इकडं आमच्या स्टँडवर दोन हवालदार येऊन बसायचे, तंबाखू मळत. एक दिवस बघतो तर भिंतीवर नवी पाटी. थुंकू नका, खिसेकापूंपासून सावध राहा, आणि सगळ्यात खाली, येथे फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. अहो, कशाची मनाई? गाड्यांचं वेळापत्रक तुम्हीच भिंतीवर लिहिलंय, फलाटांना नंबर तुम्हीच घातलेत, दिवसभर हजार माणूस येऊन जाऊन सगळं बघून राह्यलं, आणि फोटोत आलं की ते गुपित? स्टँडवर एकच गोष्ट भारी होती, मुतारीचा वास, आणि तो काही फोटोत येत न्हाई. मी लक्ष दिलं न्हाई. पाटीखालीच उभा राहून फोटो काढत राह्यलो, कुणी हटकलं तर म्हणायचो, लेखी आदेश दाखवा. दाखवायला कुणाकडंच काही न्हाई, त्यामुळं गप बसायचे.

सत्त्याण्णव साली माझ्या सुनीताचं लग्न निघालं. जावई अंकुशनगरला, साखर कारखान्यात. व्याही म्हणले, आपली जीप हाय, पोरीला जीपमधून नेऊ. मी म्हणलं, बिलकुल न्हाई, गावच्या सगळ्या पोरी मी पायरीवरून सासरी लावून दिल्या, माझी जीपमध्ये बसून जाणार का? घरची म्हणली, अहो, तुम्ही नवरीचे बाप हाय का फोटोवाले? म्हणलं, दोन्ही. दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायला माझा जीव होईना. कन्यादानापुरता तेवढा खाली ठेवला. पहिला रोल हळदीत संपला, तो दुकानात ठेवून दिला. दुसऱ्या रोलवर सगळं लग्न, अंतरपाट, अक्षता, सप्तपदी, आईच्या गळ्यात पडून रडली ते, आणि शेवटचा एक फोटो राखून ठेवल्ता पायरीसाठी.

स्टँडवर आलो. डोक्याला फेटा, गळ्यात कॅमेरा. सुनीता पायरीवर चढली, मान वळवली, मी बटण दाबलं, आणि मागून खांद्यावर काठी आली. नवीन हवालदार होता, मिशीला पीळ, पोट पट्ट्याच्या बाहेर. म्हणला, पाटी वाचता येत न्हाई का? मी म्हणलं, साहेब, माझी पोरगी हाय. म्हणला, पोरगी असो का आजी, काय काय काढलंय ते दाखव. म्हणलं, उद्या धुऊन दाखवतो, आत्ता दिसत न्हाई. म्हणला, मला शिकवू नको, आण इकडं. मी दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरला आणि म्हणलं, साहेब, उघडू नका, उजेड लागला की सगळं जातं. झालं! ह्याला वाटलं, मी लपवून राह्यलो. कॅमेरा हिसकावला, मागचं झाकण उघडलं, आणि सगळा रोल सरासरा बाहेर ओढून, मे महिन्याच्या उन्हात, दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरून बघाय लागला. एक डोळा बारीक करून! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला आणि म्हणला, कोराच हाय की. काहीच न्हाई यात. आणि मंग, मोठा दिलदार माणूस असल्यासारखा, रोल माझ्या हातात देऊन म्हणला, जा, सोडलं तुला.

सोडलं! आता ह्या माणसाला काय म्हणावं तुम्हीच सांगा. माझ्या पोरीचं अख्खं लग्न माझ्यासमोर जाळलं आणि वर म्हणतो कोरा हाय. पावणे हसावं का रडावं अशा तोंडानं बघून राह्यले. बस सुटायची वेळ झाल्ती, कंडक्टरनं घंटी मारली, सुनीता खिडकीतून म्हणली, बाबा, राहू द्या, भांडू नका. बस गेली. मी तिथंच उभा, हातात रोलचं भेंडोळं.

दुसऱ्या दिवशी स्टँडच्या साहेबाकडं गेल्तो. म्हणलं, बंदीचा आदेश दाखवा. तो म्हणला, ते पोलिसांचं हाय, आमचं न्हाई. पोलीस ठाण्यात गेलो, ते म्हणले, स्टँडची पाटी हाय, स्टँडला विचारा, आणि तक्रारच करायची तर रोलमध्ये लग्न होतं हे सिद्ध करा. तहसील कचेरीत गेलो, तिथल्या साहेबानं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, माझा एक मोठा फोटो करून द्याल का, खुर्चीवर बसलेला, मागं पुस्तकं दिसली पाहिजेत. असले हे सगळे. खुर्चीत बसून स्वतःचा फोटो काढून घ्यायला मनाई न्हाई. शेवटी खरं सांगितलं ते बाबू पेंटरनं, ज्यानं ती पाटी रंगवली. म्हणला, फोटोवाले, कसला आदेश घेऊन बसला? दोन ओळी लिहिल्या, खाली जागा उरली, मी क्लार्कला विचारलं काय लिहू, तो म्हणला जालन्याच्या रेल्वे स्टेशनात असतंय तसं काहीतरी लिहून टाक. मी लिहिलं. एवढीच देशाची सुरक्षा! जागा उरली म्हणून.

तीनेक वर्षं गेली. एक दिवस तोच हवालदार दुकानात. मला ओळखलं न्हाई का ओळखून न ओळखल्यासारखं केलं, देव जाणे. म्हणला, मामा, माझ्या पोरीचं लग्न हाय, सगळे म्हणतात तुमच्याकडून पायरीचा फोटो घ्या. मी म्हणलं, स्टँडवर बंदी हाय, लेखी परवानगी आणा. तो हसला, म्हणला, अहो मी हाय ना. म्हणलं, न्हाई, कायदा म्हणजे कायदा, जल्दी आणा. गेला बिचारा. मी फिरलो तितक्याच दारांत फिरला. स्टँडचा साहेब म्हणला पोलिसांचं, ठाण्यातले म्हणले स्टँडचं. घाम पुसत परत आला. म्हणला, कुणी देऊन न्हाई राह्यलं, ते म्हणतात आम्ही बंदी घातलीच न्हाई, तर उठवायची कशी. मी म्हणलं, असं का? मंग माझा रोल कुणाच्या हुकमानं बघितला होता सूर्याला दाखवून? टोपी काढून हातात घेतली, म्हणला, मामा, पोरीचं लग्न हाय.

फोटो काढला मी. पोरीचा काय दोष? तिला पायरीवर उभं केलं, भाऊ खाली, पाटी वर, सगळं बराबर. हवालदार नवा ड्रेस घालून, टोपी नीट करून तिच्याजवळ उभा राहायला आला. मी म्हणलं, साहेब, तुम्ही तिकडं त्या मनाईच्या पाटीखाली थांबा, कुणी हटकायला आलं तर? खरंच जाऊन उभा राह्यला, हात मागं बांधून, आमच्याकडं पाठ करून. फोटो न्यायला आला तवा उलटून पालटून बघितला आणि म्हणला, मी कुठं हाय यात? म्हणलं, तुम्ही बंदोबस्तावर होता.

आता काय, ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा. मोबाईलमध्ये पण आला. त्याच पाटीखाली पोरं फोटो काढून राह्यली, पोलीसच हसून उभे राहतात. बंदी कुणी उठवली विचारलं तर ते पण कुणाला ठाऊक न्हाई. माझं दुकान चालतं आपलं, ओळखपत्राच्या फोटोंवर. सुनीताच्या अल्बममध्ये सुरुवातीला हळद हाय, पोरगी पिवळीधमक, हसून राह्यली, आणि पान उलटलं की एकदम तिच्या पोराचं बारसं. तो पोरगा विचारतो, आई, तुझं लग्न झालंच न्हाई का? ती म्हणते, झालं रे, पण ते फक्त एका पोलिसानं बघितलं.

परवा त्या हवालदाराची पोरगी स्टँडवर भेटली, कडेवर लेकरू. पाया पडली. म्हणली, मामा, तुमचा फोटो आईनं भिंतीवर लावलाय. मी म्हणलं, सुखात राहा बाई, लेकराला उन्हाचं जप. बापाचं मी काही विचारलं न्हाई.