सभासद नसलेल्या सासूबाई

डोळ्यांत औषधाचे थेंब पडल्यावर समोरच्या पाटीवरची अक्षरं हळूहळू विरघळली, तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मग बाकाची बारीक थरथर जाणवली. शेजारी बसलेल्या अनोळखी सासू-सुनेपैकी सासूबाईंचा पाय एकसारखा हलत होता आणि सून वैतागली होती.

“आई, पाय थांबवा ना!”

“घरात तोंड बंद केलंसच, आता पायही?”

“चर्चच्या पाळकांना काय सांगू? या रविवारी नवे सभासद घेणार आहेत. जन्मभर चर्चला जाता, पण आपल्या मेथडिस्ट पंथाच्या मंडळीत सभासद म्हणून नाव नाही.”

“सगळ्यांसमोर विचारतात, सगळ्यांवरच्या प्रेमात परिपूर्ण व्हायची वाट धरणार का? खोटं कसं बोलू?”

“परिपूर्ण झालात का, असं कुठं विचारतात? वाट धरायची, एवढंच.”

“वाटच तर अडते.”

“कुठं?”

“तुझ्यापाशी.”

बाक थांबला.

“माझ्यापाशी?”

“सगळ्यांवर माया करते मी. शेजारणीच्या भुंकणाऱ्या कुत्र्यावरसुद्धा. पण तू भांडी आपटायला लागलीस, की प्रार्थना घशातच राहते.”

“आणि मी घासलेली भांडी तुम्ही पुन्हा घासता, ते? सभासद झाले तेव्हा मीही काय कमी चिडत होते तुमच्यावर?”

“मग ‘हो’ कशी म्हणालीस गं?”

“घाबरत. अजून घाबरतेच.”

आतून कुणाला तरी हाक आली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

“ऐक. रविवारी मी उभी राहते. पण तू माझ्यासमोर थांब. तुझ्याकडे बघून ‘हो’ म्हणाले, तरच ते खरं.”