मॅडमना न कळलेलं

अरे यार, गुरुग्रामच्या पहिल्या नोकरीत मी मीटिंगमध्ये तोंडच उघडत नसे. प्रोबेशन चालू होतं. समजलं नाही म्हटलं तर घरी पाठवतील, ही धास्ती.

आमच्या टीम लीड देशपांडे मॅडम मात्र सीनियर इंजिनिअरला दर वेळी मध्येच थांबवायच्या, "रुकिए, मुझे समझ नहीं आया. फिर से बताइए." तो पुन्हा समजावायचा, आणि मला आयतंच कळायचं.

एकदा मेट्रोत मी त्यांना विचारलं, "मॅडम, सर समजावतात ती सिस्टिम तर तुम्हीच बनवलीय म्हणे. मग तुम्हाला कसं कळत नाही?"

"मला कळतं गं. पण तुझा चेहरा दिसतो ना समोर."

पुढच्या मीटिंगला मीच धीर करून म्हणाले, "सर, समझ नहीं आया."

मागून आणखी दोघं म्हणाले, "सर, हमें भी नहीं."