आवाज बंद

मणके बसवणाऱ्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत म्हातारे घड्याळजी गळ्याला पट्टा बांधून खांबासारखे ताठ बसले होते. मान वळवायची सोय नव्हती, पण शेजारच्या मायलेकांचं बोलणं त्यांच्या कानांतून सुटत नव्हतं.

“आई, आत मोबाइलचा विषय काढू नकोस.”

“मग मान कशानं धरली म्हणून सांगू?”

“वय झालं म्हण.”

“आणि दिवसभर मान खाली घालून तुमच्या घरातला कॅमेरा बघत बसते, ते?”

“बाळ सांभाळणाऱ्या बाईवर कुणीतरी लक्ष ठेवायला नको? आम्ही दोघं ऑफिसात.”

“अरे, मग मीच येऊन सांभाळते की नातीला.”

“मान वळत नाही तुझी. हातातून पडली म्हणजे?”

“बरी झाले की देशील मांडीवर?”

“आधी बरी तर हो!”

“चला, आजी,” आतून हाक आली. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. आजींनी आपला मोबाइल घड्याळजींच्या हातात ठेवला.

“एवढं बघता का, भाऊ? नजर हलवू नका हं, मुलगा रागावतो.”

घड्याळजींनी पट्ट्यातून जमेल तेवढी मान वाकवली.

“अहो ताई, पोर रडतंय की! तोंड एवढं उघडलंय, पण ऐकूच येत नाही.”

“सुनेनं आवाज बंद करून टाकलाय, इकडचाही आणि तिकडचाही. मी इथून गाणं म्हणायचे ना, तर नात बाईकडे जायचीच नाही. कॅमेऱ्याकडेच हात करायची.”