पुतळ्याच्या हातातली बंदूक

…च्या-बिया काय मिळायचा न्हाई, आधीच सांगते. बसायचं तर बसा तिथं पायरीवर, न्हाई तर उभं ऱ्हावा. टेम्पोवरची ताडपत्री सोडून दावलंत ना, बघितलं मी समदं. आन् सारखं तोंड जमलंय का, तोंड जमलंय का, असं इचारू नका मला. तोंडाचं मागनं बघू. आधी सांगा, पावणं — ती हातातली बंदूक कुणाची? — कुणाची म्हंजी? पुतळं करणारं तुमी, एवढ्या लांबनं राजुरीला घिऊन आलात, परवा सव्वीस जानेवारीला पुढारी येणार, पडदा वढणार, मी बाजूला हार घिऊन उभी ऱ्हाणार — आन् बंदूक कुणाची ते ठावं न्हाई? मला ठावं हाय. चीनवाल्याची हाय ती. माझ्या मालकाला ज्यांनी मारलं ना, त्यांच्या हातातली.

काय म्हणलात? समर्थनं सांगितलं? व्हय, तोच सांगणार. तरुण मंडळाचा अध्यक्ष! एके फॉर्टीसेव्हन काढा, रुबाबदार दिसती, आसंच म्हणला आसंल — त्याचा बाप नागडा फिरत व्हता गावात, तवा आमचं माणूस चीनच्या शिवंवर, नेफाच्या बर्फात व्हतं. मागल्या साली कारगिल झालं, पोरांनी टीव्हीवर बघितलं, तवा कुठं गावाला आठवलं का आपलाबी एक जण गेलाय. इतकी वर्सं कुणी इचारलं न्हाई. आन् आता चौथरा काय, नाव काय कोरलंय — ते नाव मी तोंडानं घ्यायची न्हाई, पर वाचून दावलं मला पुतण्यानं, भरतनं — आन् वर ही बंदूक! कारगिल मागल्या सालचं हो. आमचं बासष्टचं. तवा आपल्या पलटणीत असली एकबी न्हवती. थ्री नॉट थ्री व्हती. लाकडाची — नळीच्या तोंडापातूर लाकूड, आन् उजव्या अंगाला बोल्टाची मूठ. आमच्या आजेसासऱ्यांनी इंग्रजाच्या पहिल्या लढाईत बसऱ्याला धरली, ती तीच. मधी दुसरी लढाई झाली, इंग्रज घरी गेला, आपलं राज्य आलं — आन् नातवाच्या हातात काय दिलं? तीच! एक गोळी झाडायची, मंग बोल्ट वर, मागं, पुढं, खाली, मंग दुसरी झाडायची. तवर समोरचा काय थांबतोय व्हय?

मला कसं ठावं? का, बाईमाणसाला ठावं आसू नये? त्यांनीच शिकवलं. सुट्टीवर आले का दुसरं बोलणंच न्हाई. गोठ्याच्या मागं नेऊन हातात मुसळ द्यायचे — धर, दस्ता खांद्यात दाब, गाल लाकडाला लाव, श्वास धर. आन् स्वतः करून दावायचे, वर, मागं, पुढं, खाली, तोंडानं खट्-खटाक. सासू घरातनं वरडायची, सुनंला पलटणीत धाडतो का रं? मला राग यायचा. खरं सांगते, लई राग यायचा. लगीन माझ्याशी केलं आन् कौतुक तिचं! सवतच व्हती ती माझी. झोपंत सुदीक बोटं चालायची त्यांची. मी म्हणायची, जा तिच्याकडंच. — गेले. तिला घिऊनच गेले.

न्हाई, माझं संपलं न्हाई अजून, बसा. टेम्पोवाल्याला घाई आसंल तर त्यानं जावं, पुतळा घिऊन जावं. — आमच्या माणसाबरोबर एकाच खंदकात एक जण व्हता, भीमाशंकराकडल्या डोंगरातला, कुशाबा. त्याला चीननं धरून नेला, दुसऱ्या साली सोडला, तवा दारात आला. पायाची बोटं बर्फानं गेलेली, धड चालता येत न्हवतं. तुमी बसलात ना, त्याच पायरीवर बसला. म्हणला, वैनी, थंडीनं बोल्ट आकडला. तेल थिजलं. दादा दगड घिऊन मूठ ठोकत व्हते, आन् खालनं ते वर येत व्हते, गोळ्यांच्या वाकड्या डब्याच्या बंदुका घिऊन — चाप दाबला का नळ सोडल्यासारख्या गोळ्या. मी म्हणलं, ह्यांची बंदूक कुठं ऱ्हायली? म्हणला, हातातच व्हती. — हातातच व्हती, पावणं! मेल्यावर सुदीक सोडली न्हाई, ती तुमी काढून घेतलीत आन् ही दिलीत. वाकड्या डब्याची. आन् मला इचारता, तोंड जमलंय का?

मंग दिली ना सरकारनं दुसरी. एसेलार. माझा दीर एकाहत्तरला तिच्यावरच लढला — बोल्ट वढायचं काम न्हाई, चाप दाबत ऱ्हायचं. जिता आला, बायकापोरांत आला. गावानं मिरवणूक काढली, मीबी ववाळलं त्याला, आन् मंग चुलीम्होरं बसून रडले. सासूला वाटलं, मला दिराचं बघवंना. व्हय, न्हवतंच बघवत! दिराचा राग न्हवता, बंदुकीचा व्हता. हीच आधी दिली असती तर? आमचं माणूस गेल्यावरच सुचलं का? कुणाला इचारायचं हे? पुढाऱ्याला इचारू का परवा, हार घालताना?

ती थ्री नॉट थ्री बघायला मिळायची न्हाई म्हणता? कोण म्हणतं? पोलिसांकडं अजून तीच हाय. मंचरच्या बाजाराला मी कांदा घिऊन जाते — म्हंजी कांदा काय, भरतबी घिऊन जाईल, तो तर म्हणतोच, काकी तू कशाला येतीस धूळ खायला. बंदोबस्ताचा शिपाई उभा आसतो तिथं कोपऱ्यावर. मी आपली समोर बसते पाटी टाकून. बघत. एकदा एकाला म्हणलं, बाबा, तेवढा बोल्ट वढून दाव की. लोकं हसली, म्हातारीला याड लागलं म्हणली. पर वयस्क व्हता तो, त्यानं गोळ्यांचा डबा काढून खिशात टाकला आन् वढला बोल्ट. खट्-खटाक. भर बाजारात हात दिसले मला, हात — ह्यांचे — असे… जाऊ द्या. तुमाला काय करायचंय.

पुन्हा तेच! फोटो न्हाई म्हणून सांगितलं ना मंडळानं? एकच व्हता, पलटणीतनं काढून धाडलेला. सासूनं मरताना छातीवर धरला, सोडंना. संगं जाळा म्हणली. जाळला. तिच्या पोटचं व्हतं, मान्य हाय, पर मग मी कोण व्हते? मला इचारलं का कुणी? — म्हणून तर तुमी भरतचं तोंड घेतलंत. पुतण्या हाय, चुलत्यावर गेला आसंल. गाव म्हणतं, अगदी तसंच दिसतं. बरं हाय की मग, गाव म्हणतंय ना? मला कशाला इचारता? एकदा न्हाई, धा वेळा, काकी वळखलं का, काकी त्येच हायेत का —

आरं, मला काय ठावं! मला आठवत न्हाई त्यांचं तोंड! ऐकलंस? न्हाई आठवत! चौदाव्या वर्षी आले ह्या घरात. पदर कपाळाच्या खाली, मान जमिनीकडं — थोरांच्या म्होरं नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची टाप न्हवती कुणाची. रातच्याला अंधार. दोन सुट्ट्यांचा संसार, त्यात काय बघणार? गोठ्याच्या मागं तेवढा उजेड व्हता, तर ते म्हणायचे, माझ्या हाताकडं बघ. आन् मी येडी, हाताकडंच बघत ऱ्हायले. एकदा वर बघितलं असतं तर? आता डोळं मिटलं का हात दिसतात, त्या लाकडावरचे, अंगठा असा, बोटं अशी मुठीवर — आन् वर कायबी न्हाई. सदऱ्याच्या गळ्याच्या वर कायच न्हाई.

तू तोंड लाव भरतचं, न्हाई तर तुझं सवताचं लाव, मला कायबी म्हणायचं न्हाई. गावाला तोंड लागतं, गावाला दे. हात मला लागतात. त्या हातात ती चीनवाल्याची बंदूक आसंल तर मी परवा येत न्हाई, आन् जबरदस्तीनं नेलं तर पुढाऱ्याच्या म्होरं दगड घालीन त्या पुतळ्यावर, सांगून ठेव तुझ्या समर्थला.

बाकीचं सांगायचं न्हाई कुणाला. भरतला तर न्हाईच. म्हण, म्हातारी तरकटी हाय, लाकडाची बंदूक मागती, पुढं कायबी बोलली न्हाई.

असा बघू नको माझ्याकडं. ऊठ. ताडपत्री बांध आन् काढ तो टेम्पो माझ्या दारातनं.